मनुष्यबळाचे जतन

ग्रंथालयातून मला कचेरीत नेलं ते एका जिवंत माणसाला जिवंत ठेवल्याबद्दल.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोथ्यांच्या विभागात होतो. पदवीदानाच्या दिवशी सकाळी प्रमुख पाहुण्यांचं मानपत्र चौकटीत बसवून, काच लावून तयार होतं. ते मुख्य इमारतीकडे घेऊन निघालेला शिपाई वाटेत पाणी प्यायला आमच्याकडे थांबला. त्याचं पाणी पिऊन होईतो मी सवयीनं मजकूर वाचला. तिसऱ्या ओळीत पाहुण्यांना ‘आपल्या क्षेत्रातील दिवंगत व्यक्तिमत्त्व’ म्हटलं होतं. लिहिणाऱ्याला ‘दिग्गज’ म्हणायचं होतं. पाहुणे त्या वेळी विश्रामगृहात फेटा बांधून घेत होते आणि त्यांची तब्येत उत्तम होती.

मी काच काढली, तशाच कागदाची पट्टी कापली, जमेल तितक्या छापील अक्षरात ‘दिग्गज’ लिहून चिकटवली आणि काच बसवली. समारंभ पार पडला. शिपायानं ही गोष्ट कचेरीत सांगितली आणि चौथ्या दिवशी कुलसचिवांनी बोलावलं. “हा माणूस तिकडं पोथ्यांत काय करतोय?” असं त्यांनी माझ्यासमोरच, पण मला सोडून, शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं. आठवड्याभरात आदेश निघाला. माझी सेवा ‘तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेश होईपर्यंत’ त्यांच्या कार्यालयाकडे वर्ग झाली होती.

आदेश घेऊन तोच शिपाई आला. शिवाजी पेठेतला, एके काळचा तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. मामांना कागद वाचायची परवानगी नव्हती, त्यामुळे ते सगळे कागद वाचत.

“तात्पुरतं हाय की, मामा,” मी म्हणालो. “पंधरा दिवसांत परत.”

“सायेब, कळंब्याच्या तुरुंगात गेलेल्याला सुटायची तारीख असती,” मामा म्हणाले. “ह्येच्यात तारीख कुठाय?”

मी कागद उलटसुलट करून पाहिला. तारीख नव्हती.

कचेरीत माझं काम मसुदे लिहिण्याचं. विद्यापीठातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र, भाषण, निवेदन, शोकप्रस्ताव, अभिनंदनाचा ठराव आधी मसुदा म्हणून लिहिला जाई, साहेब, म्हणजे कुलसचिव, त्यावर लाल शाईनं बारीक खूण करत आणि मग ते टंकलेखनाला जाई. कुलगुरू बोलत ते मी आदल्या दिवशी लिहिलेलं असे. ज्ञानगंगा मी वर्षातून इतक्या वेळा खेड्यापाड्यांत पोचवली की पंचगंगाही तेवढी फिरली नसेल. गळीत हंगामाचा शुभारंभ असो की वसतिगृहाची कोनशिला, ‘या मातीतली गुणवत्ता’ दुसऱ्या परिच्छेदात येई. एकदा तो परिच्छेद चुकून दोनदा टंकलिखित झाला आणि कुलगुरूंनी दोनदा वाचला. टाळ्याही दोनदा पडल्या.

यात सगळंच खोटं होतं असं मात्र नाही. माझ्या खिडकीतून मुख्य इमारतीच्या पायऱ्या दिसत. जूनमध्ये तिथं गर्दी असे. एका सकाळी बिद्रीकडचा एक म्हातारा नातीला घेऊन आला. पहिल्या पायरीपाशी त्यानं पायताण काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलं आणि अनवाणी वर चढला. देवळात जावं तसं. मी व्हरांड्यात उभा होतो.

“पावणं,” तो मला म्हणाला, “पोरीचं नाव लागलंय का बघा की. तिला वाचाय येतंय, पर तिचं हात कापाय लागल्यात.”

यादी भिंतीवर होती. नाव लागलं होतं. मी सांगितलं. म्हाताऱ्यानं खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा भिंतीवरच्या यादीला टेकवून नातीच्या तोंडात घातला. हे मी कुठल्याही भाषणात घातलं नाही. घातलं असतं तर पुढच्या वर्षी पायऱ्यांखाली चपला ठेवायला स्टँड आला असता आणि त्याचं उद्घाटन झालं असतं.

माझं घर दोन ठिकाणी होतं, म्हणजे कुठेच नव्हतं. बायको सीमेकडच्या तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिचं माहेरही तिथलंच, किराणा दुकानवाल्या लिंगायतांचं. तिची बदली कोल्हापुराजवळ होण्याची शक्यता आमच्या ओळखीच्या सगळ्यांना हसू आणणारी होती. मी राजारामपुरीत एका खोलीत राहायचो आणि शनिवारी दुपारची एस.टी. धरायचो. निपाणी, संकेश्वर करत महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जायला मधे कर्नाटक लागे. रविवारी संध्याकाळी तेच उलट.

मुलगी तिथेच वाढत होती. मला ती अप्पा म्हणे, आजीला अव्वा. ती पाचेक वर्षांची असेल. एका शनिवारी मी नेहमीसारखा पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. ती उंबऱ्यावर सागरगोटे खेळत होती. तिनं वर बघितलं आणि आत तोंड करून ओरडली, “अव्वा, पावणं आल्यात!”

शेजारणी तसं म्हणत, तिनं ऐकलेलं. आतून सगळे हसले. मीही हसलो. बायको हसली नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, “अहो, इथल्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघालीय.”

“पाहिलं मी.”

“पाहून काय केलंत?”

मी अर्ज केला. मुलाखत झाली, निवड झाली. पत्र आलं: एक महिन्याच्या आत आधीच्या नोकरीतून कार्यमुक्त झाल्याचा दाखला घेऊन हजर व्हावं, अन्यथा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. दुसऱ्याच शनिवारी मी गेलो तर स्वयंपाकघरालगतचं कपाट रिकामं झालं होतं. चिंचेच्या आणि चटणीच्या बरण्या तिनं फळीवरून खाली कोपऱ्यात मांडल्या होत्या. वरच्या दोन्ही कप्प्यांना जुन्या वर्तमानपत्राचा कागद घातलेला. मुलीनं वहीचं पान फाडून त्यावर लिहून चिकटवलं होतं: ‘अप्पांची पूस्तकं’. ‘पू’ दीर्घ. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि बायकोच्या नजरेनं तिथेच थांबला.

कार्यमुक्त हा शब्द मला तेव्हा फार सुंदर वाटायचा.

मी रीतसर अर्ज दिला. फाईल साहेबांच्या खोलीत गेली. मी रोज मामांना विचारू लागलो.

“मामा, फाईल?”

“आत हाय.”

“आत म्हणजे कुठं?”

“आत म्हंजे भाईर न्हाय.”

फाईल आत असताना बाहेर कचेरीत वेगळीच धांदल होती. विद्यापीठाचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा छापून यायचा होता. कुलगुरू मोजक्या वर्षांसाठी येत, पण भविष्य लांबलचक आणत आणि प्रत्येक नव्या कुलगुरूंबरोबर जुनं भविष्य रद्दीत जाई. या आराखड्यात तालुक्यातालुक्यात अभ्यासकेंद्र होतं, नद्यांचं संशोधन होतं, खेड्यांतल्या जुन्या अवजारांचं संग्रहालय होतं, आकाशवाणीसारखं स्वतःचं केंद्र होतं. त्यातलं थोडंफार पुढे झालंही. पोहे आणि चहा यांवर समितीच्या बैठका होत आणि शब्द माझ्याकडे येत.

अर्ज करण्याच्या दोन-तीन महिने आधीची एक बैठक मला नीट आठवते. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “चांगली माणसं आपण तयार करायची आणि ती पुण्याला पळायची. यावर एक वाक्य पाहिजे.”

मी लिहिलं: ‘कुशल मनुष्यबळ विद्यापीठात टिकवून ठेवण्यात येईल.’

“टिकवून ठेवणे म्हणजे दावणीला बांधल्यासारखं वाटतंय हो,” दुसरे म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. असं सगळ्यांनी बघितलं की मला शब्द सुचतात, हा माझा दोष. पोथ्यांच्या विभागात आमचा एक रोजचा शब्द होता. पोथीला लाल कापडात गुंडाळायचं, आत वेखंडाचे तुकडे घालायचे, कपाटात डांबरगोळ्या टाकायच्या आणि कुणाला सहसा हात लावू द्यायचा नाही, याला आम्ही जतन म्हणायचो.

“‘कुशल मनुष्यबळाचे जतन करण्यात येईल,’” मी म्हणालो.

“वा!” कुलसचिव म्हणाले. “हाच शब्द पाहिजे होता. जतन. यात आपुलकी आहे.”

त्या दिवशी मी आपण होऊन दुसरा चहा घेतला.

महिना संपायला नऊ दिवस उरले असताना फाईल बाहेर आली. मामांनी ती टेबलावर ठेवली आणि जायच्या ऐवजी उभे राहिले. म्हणजे वाचली होती. माझ्या अर्जाच्या खाली कार्यालयाची टिपणी होती: सदर कर्मचाऱ्याचे काम विशेष स्वरूपाचे असून आराखड्यातील मनुष्यबळाच्या जतनाविषयीचा परिच्छेद विचारात घेता कार्यमुक्त करणे उचित होणार नाही. त्याखाली साहेबांची लाल शाई: ‘सहमत. नम्र नकाराचा मसुदा सादर करावा.’

मसुदे सादर करणारा माणूस त्या कार्यालयात एकच होता.

मी फाईल घेऊन साहेबांकडे गेलो. ते वाईट नव्हते, हे लिहून ठेवलं पाहिजे. त्यांनी बसायला सांगितलं.

“साहेब, माझं कुटुंब तिकडं आहे.”

“माझं सोलापूरला आहे,” ते म्हणाले. “सात वर्षं झाली. मी तक्रार करतो का?”

“मुलगी मला पाहुणा समजते.”

“माझा मुलगा मला पत्र लिहितो, त्यात मायना ‘महोदय’ घालतो. आता बोला.” ते स्वतःशीच हसले आणि मग गंभीर झाले. “अहो, तुम्ही गेलात तर पुढचा ‘दिवंगत’ कोण पकडणार? तुमचं पकडणं आम्हाला महागात पडलं नाही, तुम्हाला पडलं, हे मला कळतं. पण आता वाक्य छापून झालंय. पहिल्याच माणसाला सोडून दिलं तर आराखडा काय राहिला? मसुदा मात्र तुमच्याच पद्धतीनं लिहा. कोरडा नको.”

बाहेर आलो तेव्हा मामा दारातच होते.

“सायेब, एक इच्यारू?”

“विचारा.”

“पत्र लिवणार तुमी. टाईप करून घेणार तुमी. साहेब दुपारच्या गठ्ठ्यावर डोळं मिटून सह्या करत्यात, मी रोज पानं पलटाय हुबा असतोय. मग ‘सोडत न्हाय’च्या जागी ‘सोडत हाय’ लिवाय तुमचं काय जातंय?”

“मामा, असं करतात का?”

“गोल वाचवताना बॉल कुठनं आला त्ये बघत न्हाईत. आडवायचा आसतो.”

मी जागेवर जाऊन बसलो आणि दोन कागद घेतले. खोटं बोलणार नाही, पहिल्या कागदावर मी मंजुरीच लिहिली: ‘आपली विनंती मान्य करण्यात येत असून आपणांस कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ साधं, सरळ वाक्य. त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. मी ते बराच वेळ वाचत बसलो.

मामांना एक गोष्ट माहीत नव्हती. साहेब इतरांच्या कागदांवर डोळे मिटून सह्या करत हे खरं, पण माझे मसुदे ते वाचत. दुपारच्या चहाबरोबर, चवीनं वाचत आणि एखादं वाक्य आवडलं तर शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवत. विद्यापीठाच्या सगळ्या कागदांत ज्यावर न वाचता सही होणार नाही असा कागद फक्त माझाच होता. आणि त्यात बरीच वर्षं मला सुख वाटत आलं होतं.

पहिला कागद फाडून मी खिशात घातला. दुसऱ्यावर नकार लिहिला. सद्यःस्थितीत विद्यापीठास आपल्या सेवेची असलेली निकड, आपल्या अडचणीविषयी वाटणारी सहानुभूती, जतनाचा परिच्छेद, आणि शेवटी ‘आपली विनंती पुढील आदेश होईपर्यंत विचारार्थ ठेवण्यात येत आहे’. नकार असा लिहिला की वाचणाऱ्याला आभार मानावेसे वाटावेत. साहेबांची खूण झाली, समासात ‘उत्तम’ असा शेरा आला, जावक क्रमांक पडला आणि पत्र त्याच टेबलावर परत आलं. कार्यालयीन प्रतीवर मी ‘मिळाले’ असं लिहून सही केली. मामा पोहोच घेऊन गेले. त्या दिवशी माझा चहा त्यांनी दुसऱ्याच्या हाती पाठवला.

राजीनामा देता आला असता. हे कुणी विचारण्याआधी मीच सांगतो, कारण बायकोनं विचारलंच. राजीनामा दिला तर आधीची सेवा पुढे धरली जाणार नव्हती, कॉलेजवाल्यांनाही कार्यमुक्तीचाच दाखला हवा होता, वगैरे. कारणं खरी होती. पण एखादा वेगळा माणूस ती कारणं घेऊन कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेला असता, टेबलावर हात आपटला असता. मी त्यांना एक विनंतीपत्र लिहिलं. तेही उत्तम होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

शनिवारी पत्र घेऊन गावी गेलो. बायकोनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, चौथीच्या वहीसारखं, एकदा सरळ आणि एकदा चुका बघत.

“हे तुम्हीच लिहिलंय,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“‘सद्यःस्थिती’तला विसर्ग. या जिल्ह्यात दुसरं कोण देतंय?”

मी पिशवी खुंटीला अडकवली.

“लिहायचंच होतं तर जरा वाईट तरी लिहायचं.” तिनं पत्राची घडी घातली. “वाईट लिहिलं असतं तर पुढच्या वेळी सोडतील अशी आशा तरी राहिली असती.”

मुलगी विचारत होती, “अप्पा, पुस्तकं कवा आणणार?” दोनदा विचारून ती सागरगोटे घेऊन बाहेर गेली. बायको खाली वाकून कोपऱ्यातल्या बरण्या उचलायला लागली. चिंचेची बरणी जड होती. मी ती तिच्या हातून घेतली आणि वरच्या कप्प्यात ठेवली. मग दुसरी ठेवली. एकेक करून आम्ही दोघांनी सगळ्या बरण्या लावल्या. चिठ्ठी मात्र तिनं काढली नाही. ‘अप्पांची पूस्तकं’ या नावाखाली पुढे कित्येक वर्षं चटणी होती.

त्यानंतर दोन कुलगुरू आले आणि गेले. मामा निवृत्त झाले. टंकलेखन यंत्रं जाऊन संगणक आले आणि त्यांच्याबरोबर नव्या जातीच्या चुका. मुलगी दहावीला असताना, दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत, आणखी एक आराखडा निघाला. या वेळी मजकूर मला लिहावा लागला नाही. जुन्या आराखड्यातले परिच्छेद उचलून, वर ‘जागतिक दर्जाचे’ लावून कुणीतरी ते संगणकावर घेतले होते. माझ्याकडे फक्त शेवटचं प्रूफ आलं.

अकराव्या पानावर माझं वाक्य होतं. त्यात टंकणाऱ्याचं बोट एका अक्षरावर घसरलं होतं. विद्यापीठ आपल्या कुशल मनुष्यबळाचे पतन करणार होतं.

मी पेन खाली ठेवलं. हे असंच छापून गेलं तर काय होईल याचा विचार केला. मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन होणार होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत चौकट येईल. चौकशी होईल, शेवटचं प्रूफ कुणी पाहिलं ते निघेल. एवढी मोठी चूक सोडणारा माणूस या जागी नको, असं कुणीतरी लाल शाईनं लिहील. कुठंतरी पाठवतील. पोथ्यांत पाठवतील. कदाचित पुढचा आदेश होईल.

आणि शिवाय, आता ते वाक्य पहिल्यापेक्षा खरं झालं होतं.

ते पान मी दिवसभर टेबलावर तसंच ठेवलं. जेवायच्या सुट्टीत एकदा बाहेर जाऊन आलो. पायऱ्यांवर कुणाचीतरी पायताणं जोडीनं काढून ठेवलेली होती. परत येऊन पान पुन्हा वाचलं. ते अजून तसंच होतं.

चार वाजता छापखान्याचा माणूस प्रूफ न्यायला आला.

“झालं का, सायेब? मशिनवर पोरं बसून हायत.”

“एक मिनिट,” मी म्हणालो आणि ‘प’ खोडून वर ‘ज’ काढला.

त्यानं पानं चाळली. “एवढ्या पानांत एकच चूक?”

“एकच होती,” मी म्हणालो. “काढली.”